मुंबईत पहिल्यांदा लोकलने जाणाऱ्यांसाठी: डोंबिवलीच्या आत्याच्या सूचना

मी मूळची अंबाजोगाईची. २००३ साली लग्न होऊन डोंबिवलीत आले आणि तेव्हापासून रोज फोर्टात नोकरीला जाते, म्हणजे दिवसाचे अडीच तास लोकलमध्ये. गावाकडून कुणी मुंबईला निघालं की आधी मला फोन. कुणाची परीक्षा, कुणाची मुलाखत, कुणाला केईएमला दाखवायचंय, आणि सगळ्यात जास्त फोन टाटा हॉस्पिटलचे. प्रत्येकाला तेच ते सांगून माझा घसा बसतो आणि शेवटी समोरचा विचारतो, "आत्या, ते सगळं ठीक, पण गाडी कोणती पकडू?" म्हणून एकदाचं लिहून काढते आहे. कोणती पकडायची ते यात आहेच, पण कोणती सोडायची ते जास्त आहे.

आपण एसटीवर वाढलेली माणसं. स्टँडवर गाडी लागली की खिडकीतून रुमाल टाकायचा, लेकराला खिडकीतूनच आत सोडायचं आणि दारात रेटारेटी करायची, कारण ती चुकली तर पुढची थेट संध्याकाळी. हीच सवय अंगात घेऊन मी लग्नानंतर महिनाभराने संध्याकाळी सहाला दादरला उभी राहिले. गाडी आली तशी घुसले. मी आत आणि डाव्या पायातली चप्पल फलाटावर. डोंबिवलीला एका चपलेने उतरले, तशीच रिक्षाच्या रांगेत उभी राहिले. सासूबाई गिरगावात वाढलेल्या. त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं आणि एवढंच विचारलं, "मागची गाडी किती मिनिटांनी होती?" मला माहीतच नव्हतं. "पाच-सात मिनिटांनी असेल," त्या म्हणाल्या. "एसटी आहे का ती?"

निघण्याआधी

मुंबईच्या नकाशात तुम्हाला तीनच रेघा लागतात. पश्चिम रेल्वे चर्चगेटहून बोरिवली, विरार आणि पुढे डहाणूकडे जाते. मध्य रेल्वे सीएसएमटीहून, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून, ठाणे, कल्याण आणि तिथून फुटून एकीकडे कसारा, दुसरीकडे कर्जत-खोपोली. तिसरी हार्बर, सीएसएमटीहून वाशी-पनवेलकडे. तिचाच एक फाटा वडाळ्याहून वांद्रे, अंधेरी, गोरेगावकडे जातो. पश्चिम आणि मध्य दादरला भेटतात, मध्य आणि हार्बर कुर्ल्याला. आपल्या माणसाला बहुतेक वेळा दादर आणि कुर्ला एवढं कळलं तरी काम भागतं.

घोटाळा होतो तो नावांनी. वसई आणि वाशी ऐकायला सारखी वाटतात, पण एक शहराच्या वर उत्तरेला आणि दुसरी खाडीपलीकडे. खार रोड, खारघर आणि खारकोपर ही तीन वेगळ्या ठिकाणची स्टेशनं आहेत. कळव्याला जायचं म्हणून कल्याणला उतरलेला माझा एक मावसभाऊ आहे. परळ मध्य रेल्वेवर, लोअर परळ पश्चिमेवर. माटुंगा मध्यवर, माटुंगा रोड पश्चिमेवर. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे मुंबई सेंट्रल हे स्टेशन मध्य रेल्वेवर नाही, पश्चिम रेल्वेवर आहे. एल्फिन्स्टन रोडचं नाव २०१८ पासून प्रभादेवी झालंय, पण जुनी माणसं अजून एल्फिन्स्टनच म्हणतात, तेव्हा पत्त्यात दोन्हींपैकी काहीही येऊ शकतं.

लांबच्या गाडीने येत असाल तर तिकिटावर शेवटचं स्टेशन नीट वाचा. एलटीटी म्हणजे लोकमान्य टिळक टर्मिनस. लोक त्याला कुर्ला टर्मिनस म्हणतात, पण ते कुर्ल्याच्या लोकल स्टेशनात नाही, वेगळं आहे. वांद्रे टर्मिनसचंही तसंच. तिथे उतरून "लोकल कुठे आहे" म्हणून शोधत बसलेली माणसं हेरायला बाहेर दलाल उभेच असतात.

पत्ता घेताना ईस्ट की वेस्ट हे विचारल्याशिवाय फोन ठेवू नका. इथे बहुतेक स्टेशनांना पूर्व आणि पश्चिम अशा दोन बाजू असतात आणि चुकीच्या बाजूला उतरलं की पूल चढून परत यावं लागतं. तेव्हा रूळ ओलांडायचा मोह होतो, तो अजिबात नको. पलीकडचा फलाट हाकेच्या अंतरावर दिसतो, चार जण ओलांडतही असतात, पण एका गाडीच्या आवाजात दुसरीचा आवाज ऐकू येत नाही. पुलाला तीन मिनिटं लागतात, लागू द्या.

आणि एक चिठ्ठी. मोबाइल असला तरी चिठ्ठी. कागदावर मोठ्या अक्षरात: कुठे जायचं, कुठल्या स्टेशनला उतरायचं, पूर्व की पश्चिम, मुंबईतल्या माणसाचा नंबर आणि गावाकडचा एक नंबर. ती पर्समध्ये नको, अंगावरच्या खिशात किंवा कनवटीला.

वेळ निवडता आली तर अर्धी लढाई तिथेच जिंकली. सकाळी आठ ते अकरा सीएसएमटी-चर्चगेटकडे जाणारी आणि संध्याकाळी साडेपाच ते नऊ तिकडून परत येणारी गाडी पाहुण्यांसाठी नाही. अकरा ते चारच्या मधे जा, बसायला जागा मिळेल, खिडकीतून मुंबईही दिसेल.

इंडिकेटर वाचणं

फलाटावर वर टांगलेली पाटी म्हणजे इंडिकेटर. त्यावर आधी गाडी कुठे जाणार त्याचं अक्षर असतं, मग वेळ, मग एफ किंवा एस. एफ म्हणजे फास्ट, एस म्हणजे स्लो. टी म्हणजे ठाणे, के म्हणजे कल्याण, बीओ म्हणजे बोरिवली, व्ही म्हणजे विरार. इथवर सोपं आहे. पण मध्य रेल्वेवर कर्जतच्या गाडीचं अक्षरही एसच आहे आणि कसाऱ्याचं एन. तेव्हा वेळेच्या आधीचा एस म्हणजे कर्जत, वेळेच्या नंतरचा एस म्हणजे स्लो. अक्षरांवर विसंबू नका, पाटीवर मराठीत पूर्ण नाव येतं, तेवढी दोन सेकंदं थांबून वाचा.

नवख्या माणसाने स्लो गाडीच पकडावी असं माझं ठाम मत आहे. स्लो प्रत्येक स्टेशनला थांबते. चुकून पुढे गेलात तर एकाच स्टेशनाचं नुकसान. फास्टमध्ये चुकलात तर घाटकोपरला उतरायचं तिथे ठाण्याला पोचता.

आणि लांबच्या फास्ट गाडीने जवळच्या स्टेशनला जायचा शहाणपणा करू नका. विरार फास्ट बोरिवलीला थांबते हे खरं, पण गर्दीच्या वेळी ती विरारवाल्यांची गाडी असते. मधे उतरणाऱ्याला आतून दारापर्यंत येताच येत नाही, आणि वर चार शब्द ऐकावे लागतात. मध्य रेल्वेवर कर्जत-कसारा फास्टमधून ठाण्याला उतरणाऱ्याची तीच गत. भांडण कुणाच्या चुकीने झालं याला अर्थ नसतो, तुम्ही मात्र उतरायचे राहता.

दादरला फलाटांचे नंबर डिसेंबर २०२३ मधे बदलले. आता पश्चिम रेल्वेचे १ ते ७ आणि मध्य रेल्वेचे ८ ते १४. आधी दोन्हीकडे एक नंबर, दोन नंबर असायचे आणि "दादर दोन नंबरवर भेटू" म्हणून अर्धं कुटुंब इकडे, अर्धं तिकडे उभं राहायचं. तुम्हाला कुणी जुन्या माहितीवर नंबर सांगितला तर पुन्हा विचारून घ्या.

तिकीट

खिडकीवर रांग मोठी असते. बाजूला मशिनं असतात आणि तिथे बहुधा रेल्वेतून रिटायर झालेले एखादे काका तिकीट काढून द्यायला उभे असतात. त्यांना स्टेशनचं नाव सांगा, सुटे द्या, झालं. सेकंड क्लासचं कमीत कमी तिकीट पाच रुपये आहे, म्हणजे इतक्या स्वस्तात विनातिकीट जाऊन किमान अडीचशे रुपये दंड आणि वर भाडं भरण्यात काही हशील नाही. एक्सप्रेसचं तिकीट आहे म्हणून लोकलला चालेल असं गृहीत धरू नका, लोकलचं वेगळं काढा.

दंड बहुतेक पाहुण्यांना होतो तो विनातिकीट प्रवासाचा नाही, चुकीच्या डब्याचा. डबा मोकळा दिसला म्हणून माझा भाचा ऐटीत जाऊन बसला, मऊ गादी, पंखा सुरू. तो फर्स्ट क्लास होता. डब्याच्या बाहेर एक उभी रेघ काढलेली असते, ती म्हणजे रोमन एक, म्हणजे फर्स्ट. एसी लोकल वेगळीच. तिची दारं आपोआप बंद होतात, तिचं तिकीटही वेगळं, साधं तिकीट तिथे चालत नाही. म्हातारं माणूस बरोबर असेल आणि परवडत असेल तर एसीचे पैसे खुशाल खर्च करा.

डबा

बायकांचे डबे गाडीत दोन-तीन ठिकाणी असतात. ते फलाटावर नेमके कुठे येणार, ते खांबांवर आणि छपराच्या कडेला हिरव्या-पिवळ्या पट्ट्यांनी दाखवलेलं असतं. डब्यावर बाईचं चित्र. काही डबे चोवीस तास बायकांचे, काही ठराविक वेळेपुरतेच. तसं डब्यावर लिहिलेलं असतं. बारा वर्षांखालचा मुलगा आईबरोबर चालतो, नवरा चालत नाही. अपंगांचा डबाही वेगळा असतो, त्यात कॅन्सरच्या पेशंटला आणि गरोदर बाईला बसता येतं. टाटाला येणाऱ्या किती जणांना हे माहीतच नसतं. फाईल हातात ठेवा, कुणी हटकलं तर दाखवा.

गोंधळ नवरा-बायको दोघं असले की होतो. तो माझ्या घरात झालेला सांगते, आणि त्यात चूक माझी होती.

दादा आणि वहिनी टाटाला आले होते. दादर पूर्वेला गाडगे महाराज धर्मशाळेत उतरले होते. सोमवार होता, मला सुट्टी मिळाली नाही, म्हणून मी फोनवर सांगितलं, "दादरहून स्लो पकडा, पुढचंच स्टेशन परळ. एकच स्टेशन आहे, काही अवघड नाही." कुठल्या वेळी निघा ते सांगितलं नाही आणि डब्याचंही काही बोलले नाही. ते निघाले साडेनऊला. गाडी आली, वहिनी पुढे घुसली, मागोमाग दोन पिशव्या घेऊन दादा. आतून बायका ओरडल्या, "ओ जेंट्स! लेडीज डबा आहे, उतरा!" दादा शाळामास्तर, आयुष्यात बाईच्या अंगाला चुकून धक्का लागू न दिलेला माणूस. तो इतका ओशाळला की गाडी हलली होती तरी मागे वळून उतरला. गुडघ्यावर पडला. पिशवीतल्या धपाट्यांचा डबा उघडून फलाटभर झाला. आणि गाडी वहिनीला घेऊन गेली. वहिनीजवळ फाईल होती, फोन दादाच्या खिशात.

परळ आलं तेव्हा ती दारापासून चार बायका आत होती. उतरता आलं नाही. मग घाबरून तिने उतरायचं सोडूनच दिलं आणि गाडी रिकामी झाली तिथे, म्हणजे सीएसएमटीला, सगळ्यांबरोबर उतरली. दादाचा मला फोन आला. ऑफिसातून पळत मी दहा मिनिटांत स्टेशनवर पोचले. वहिनी इंडिकेटरखालच्या बाकावर फाईल मांडीवर घट्ट धरून बसली होती. म्हणाली, "मी हललेच नाही. म्हटलं, हलले तर कोण शोधणार?"

ती हलली नाही म्हणून सापडली. तेव्हापासून मी सगळ्यांना चुकामुकीचा नियम आधीच ठरवून निघायला सांगते. जो गाडीत पुढे गेला त्याने पुढच्या थांब्यावर उतरून त्याच फलाटावर उभं राहायचं. जो मागे राहिला त्याने तशीच पुढची गाडी धरून तिथे यायचं, स्लो असेल तर स्लोच. दोघांनी एकमेकांना शोधत फिरायचं नाही, एकानेच हलायचं. मागे राहिलेलं माणूस लेकरू असेल किंवा वाचता न येणारं म्हातारं असेल तर उलट: त्यांनी जागेवर थांबायचं आणि पुढे गेलेल्याने परत यायचं. हे गाडीत बसायच्या आधी एकमेकांना म्हणून दाखवा. लेकरांना तर दोनदा म्हणायला लावा.

आणि जोडीने असाल तर सरळ दोघंही जनरल डब्यात बसा. गर्दीची वेळ सोडून आलात तर बाईमाणसालाही तिथे काही त्रास होत नाही.

चढणं आणि उतरणं

बरेच अपघात इथले आहेत, म्हणून जरा सविस्तर.

गाडी येताना फलाटाच्या पिवळ्या पट्टीच्या मागे राहा. गाडी पूर्ण थांबू द्या. आधी उतरणारे उतरतात, ते दाराच्या मधून. तुम्ही बाजूला उभे राहा, समोर नको, नाहीतर उतरणारा लोंढा तुम्हाला मागे नेऊन सोडेल. दारात मधोमध लोखंडी दांडा असतो, चढताना तो हातात आला पाहिजे. पिशवी खांद्यावर मागे नको, पुढे पोटाशी. ओढणी कमरेला बांधा, पदर खोचा. पायात पट्ट्याची चप्पल, हे मी का सांगते ते तुम्हाला कळलंच असेल. गाडी आणि फलाट यांच्यात फट असते, काही स्टेशनांवर फलाट खालीही असतो, तेव्हा पहिलं पाऊल बघून टाका.

मुंबईची पोरं गाडी थांबायच्या आत उडी मारून खिडकी पकडताना दिसतील. ती रोजची आहेत, आणि त्यांच्यातलीही पडतात. त्यांच्याकडे बघून शिकायचं काही नाही. दार भरलेलं दिसलं, एक पायच मावेल असं वाटलं, की गाडी सोडा. मागची सोडा, तिच्या मागचीही सोडा. ९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन गाड्यांच्या दारांत लटकलेली माणसं खाली पडली, त्यात जीव गेले. मी त्याच मार्गावरून रोज जाते. ती सगळी माणसं घाईची होती, कुणी मूर्ख नव्हती. त्यांचा लेटमार्क लागणार होता. तुमचा लागत नाही, एवढा एक फायदा पाहुण्याला आहे, तो वापरा.

आत शिरल्यावर दारात रेंगाळू नका, आत सरका. पण किती आत, ते तुम्हाला कुठे उतरायचंय त्यावर. तीन-चार स्टेशनं जायचं असेल तर पार खिडकीपर्यंत जाऊन बसू नका. वहिनीचं तेच झालं होतं.

उतरायची तयारी दोन स्टेशनं आधी सुरू करा. तयारी म्हणजे काय, तर पुढच्या बाईला विचारायचं, "परळ उतरणार?" ती हो म्हणाली तर तिच्या मागे उभं राहायचं, नाही म्हणाली तर तीच सरकून जागा देते. मग तिच्या पुढचीला विचारायचं. अशी सगळी रांग आपोआप लागते. नवीन माणूस लाजून विचारत नाही आणि स्टेशन आल्यावर "उतरू द्या, उतरू द्या" करतो, तोवर उशीर झालेला असतो. दुसरा प्रश्न, "प्लॅटफॉर्म कुठल्या बाजूला येणार?" स्टेशनागणिक बाजू बदलू शकते. हा प्रश्न विचारायला मला बावीस वर्षांनंतरही लाज वाटत नाही, कारण रोजच्या मार्गाबाहेर गेले की मीही नवीनच असते.

उतरता आलं नाही तर काय? तर काही नाही. पुढच्या स्टेशनला उतरायचं, उलट दिशेची गाडी धरायची. चालत्या गाडीतून उतरायचं नाही. साखळी ओढायची नाही. दादाच्या गुडघ्यावर अजून वण आहे.

चौथ्या सीटचं राहिलं. तीन जणांच्या बाकड्यावर चौथा टेकतो, हा इथला न लिहिलेला कायदा आहे. कुणी "जरा सरका" म्हटलं तर सरका, त्यावरून भांडू नका. आणि बायकांच्या डब्यात कुणी "कुठे उतरणार?" विचारलं तर ती चौकशी नसते, तुमची जागा तिने बुक केली एवढाच त्याचा अर्थ.

चोर, रात्र आणि नंबर

मंगळसूत्र आत घाला किंवा घरी ठेवा. पैसे दोन ठिकाणी, थोडे वरच्या खिशात खर्चायला, बाकीचे चोरकप्प्यात. आमच्या आजीच्या परकराला चोरकप्पा असायचा, ती पद्धत लोकलसाठीच काढली असावी असं मला कधीकधी वाटतं. माझी पर्स दोनदा कापली गेली, दोन्ही वेळा ती पाठीमागे होती. दारात उभं राहून फोनवर बोलायचं नाही: रुळांच्या कडेला खांबाजवळ काठी घेऊन उभं राहणारी पोरं हातावर फटका मारतात, फोन खाली पडतो आणि ती उचलून पळतात. फोन तर जातोच, पण फटक्याने दचकून माणूसही जातो. खिडकीशी बसल्यावरही गाडी स्टेशनातून सुटताना फोन आत घ्या.

रात्री उशिरा प्रवास करायची वेळ आली तर बायकांनी रिकाम्या डब्यात एकटं बसू नये. रात्रीच्या वेळी बायकांच्या डब्यात पोलीस किंवा होमगार्ड असतो. तो ज्या डब्यात दिसेल त्यात बसा, तुमचा आधीचा डबा कितीही मोकळा असू दे. फलाटावरही उजेडात, माणसांत, स्टॉलजवळ थांबा. मध्यरात्रीनंतर काही तास लोकल बंदच असतात, तेव्हा शेवटच्या गाडीच्या भरवशावर राहू नका.

रेल्वे पोलिसांचा नंबर १५१२. रेल्वेची तक्रार किंवा मदत १३९. कुठेही काहीही झालं तर ११२. मुंबई पोलिसांची बायकांसाठीची हेल्पलाइन १०३. हे त्या चिठ्ठीच्या मागच्या बाजूला लिहा.

वाट विचारायची तर घाईने चालणाऱ्याला विचारू नका, तो चालता चालता हात दाखवेल आणि तुम्ही दोन हातांच्या मधे कुठेतरी जाल. स्टॉलवाल्याला विचारा, बूटपॉलिशवाल्याला विचारा. ते जागचे हलत नाहीत आणि त्यांना गाड्या तोंडपाठ असतात. स्वतःहून पुढे येऊन "कुठे जायचंय ताई, चला मी सोडतो" म्हणणाऱ्याला मात्र हात जोडा.

पाऊस आणि रविवार

रविवारी मेगाब्लॉक असतो. दुरुस्तीसाठी दिवसा काही तास काही गाड्या बंद ठेवतात, काही दुसऱ्या रुळांवरून नेतात, आणि मग स्लो गाडीही मधली स्टेशनं सोडून जाते. आदल्या दिवशीच्या पेपरात किंवा मोबाइलवर बघून निघा. एमपीएससीची परीक्षा बहुधा रविवारीच असते, तेव्हा पोरांनो, केंद्र बघून या आणि दोन तास हाताशी ठेवून निघा.

पावसाळ्यात रुळांवर पाणी आलं की गाडी मधेच उभी राहते. कुर्ला-सायनकडे हे नेहमीचं. तासभर गेला की लोक उड्या मारून रुळांतून चालायला लागतात. तुम्ही लगेच उठू नका. शेजारच्या रुळावरून गाडी येऊ शकते, पाण्याखाली काय आहे दिसत नाही आणि वरच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात. गार्ड किंवा पोलीस सांगतील तेव्हा आणि सांगतील तिकडूनच उतरा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मी निघालेच नाही, ऑफिसात दोन खुर्च्या जोडून झोपले. ज्या दोन मैत्रिणी "आता थांबेल" म्हणून निघाल्या, त्या दुसऱ्या दिवशी दुपारी चालत घरी पोचल्या.

पावसात पुलावर आडोशाला थांबायचं नाही, एवढं तर गाठ मारून ठेवा. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर असंच झालं. वरून पाऊस, खालून गाड्यांचे लोंढे, आणि चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. पूल तुंबलेला दिसला तर फलाटावरच थांबा. भिजलात तर वाळाल.

रिक्षा, टॅक्सी, बस

रिक्षा वांद्रे आणि सायनच्या अलीकडे, म्हणजे दक्षिणेकडे, चालत नाहीत. दादरला उतरून रिक्षा शोधू नका, तिथे काळी-पिवळी टॅक्सी. मीटरनेच जा. फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षाचे कमीत कमी २६ रुपये आणि टॅक्सीचे ३१, पहिल्या दीड किलोमीटरला. मध्यरात्रीनंतर पहाटे पाचपर्यंत सव्वापट. पेशंट बरोबर असेल तर दादरहून टाटाला टॅक्सीच करा, लोकलचा हट्ट नको. हे मी दादाला सांगायला हवं होतं. बसायच्या आधी गाडीच्या नंबराचा फोटो काढून घरी पाठवा, आणि तो ड्रायव्हरला दिसेल असा काढा.

बेस्टची बस मे २०२५ पासून कमीत कमी दहा रुपये. बसच्या कपाळावर नंबर मराठी आकड्यांत असतो, परप्रांतातल्या लोकांची तिथे तारांबळ उडते, आपली नाही. बसने वेळ लागतो, पण बसमधून पडायची भीती नसते आणि रस्ता दिसत असल्यामुळे आपण कुठे आहोत ते कळतं. हातात वेळ असेल तर पहिल्या दिवशी बसनेच जा.

डोंबिवलीला माझ्याकडे येणार असाल तर निघताना एक फोन करा आणि पूर्वेला उतरा. मी पुलाच्या पायथ्याशी इंडिकेटरखाली उभी असेन. नसले तर पाच-दहा मिनिटं तिथेच थांबा, हलू नका. मी दादरला एखादी गाडी सोडली असेल.